वेर्ण्याचा शिफ्ट सुपरवायझर आणि सेफ्टी ऑफिसरची पात्रता: एक प्रकरण

हे प्रकरण नमुन्याचं आहे. यातला माणूस कुणी एक नाही, पण त्याच्या फाइलमधला प्रत्येक कागद गोव्यातल्या वेर्णा, कुंडई किंवा मडकईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कुणाच्याही कपाटात सापडेल.

उमेदवार डिचोलीचा, वय २७. २०१८ मध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात मेन्टेनन्समध्ये शिफ्ट सुपरवायझर, हातात महिना २८,००० रुपये. वडिलांचा टिप्पर खाणीवर चालायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या आणि पुढे गाडी विकावी लागली. घराच्या कर्जाचा ९,५०० रुपयांचा हप्ता आता मुलाच्या पगारातून जातो. हे घरगुती तपशील इथे मुद्दाम दिले आहेत, कारण सेफ्टीचा कोणता कोर्स चांगला हा प्रश्न हप्ता बाजूला ठेवून सोडवता येत नाही.

त्याला सेफ्टीत जायचं आहे. सल्ले चार आहेत. कुवेतचा मामा म्हणतो, "नेबॉश कर आणि ये, बाकी मी बघतो." नेबॉश म्हणजे एका ब्रिटिश परीक्षा मंडळाचं सुरक्षेचं प्रमाणपत्र. कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर म्हणतो, एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा, केल्याशिवाय काही उपयोग नाही. मडगावच्या एका क्लासनं एका वर्षाचा, घरबसल्या होणारा 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा' पुढे केला आहे. आणि डिप्लोमाच्या वेळचा मित्र सांगतो, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन इंजिनिअर हो, मग सगळे दरवाजे उघडतात.

चौघांपैकी कुणीही त्याला विचारलं नाही की तुला सही कुठे करायची आहे. गोव्यातल्या कारखान्यात कायद्यानं नेमायचा सेफ्टी ऑफिसर म्हणून, आखातातल्या साइटवर एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) ऑफिसर म्हणून, की कंपनीच्या ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभागात एक्झिक्युटिव्ह म्हणून? तिन्ही कामं दिसायला सारखी आहेत, डोक्यावर तेच हेल्मेट. पण पहिल्या कामाची पात्रता राज्य सरकार ठरवतं, दुसऱ्याची तिथला मालक आणि क्लायंट, तिसऱ्याची फक्त कंपनी. इथल्या उमेदवाराचं उत्तर स्पष्ट होतं. आई-वडिलांजवळ राहायचं, गोव्यातच, आणि कायद्यानं मान्य झालेलं पद हवं. आखाताचा दरवाजा बंद होऊ नये, एवढंच.

कायद्याची बाजू आधी पाहू. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब प्रमाणे १,००० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. त्याहून लहान पण धोक्याची प्रक्रिया असलेल्या कारखान्यांना सरकार वेगळ्या आदेशानं ही सक्ती लावू शकत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता २०२० च्या कलम २२ नं हे आकडे खाली आणले: साध्या कारखान्यात ५००, घातक प्रक्रियेच्या कारखान्यात २५०, बांधकामावर २५०, खाणीत १००. औषध उद्योग घातक प्रक्रियांच्या यादीत आहे. त्यामुळे २५० ते १,००० कामगारांमधले औषध कारखाने आता थेट या सक्तीखाली येतात. वेर्णा आणि कुंडईच्या उमेदवारांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

नेमायचा कोण, हे मात्र संहिता राज्याच्या नियमांवर सोडते. बहुतेक राज्यांच्या नियमांची चौकट वर्षानुवर्षं एकच राहिली आहे. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर कारखान्यात पर्यवेक्षकाच्या नात्यानं किमान २ वर्षांचा अनुभव. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची पदवी असेल तर तसाच ५ वर्षांचा. त्याखेरीज राज्य सरकारनं मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा डिप्लोमा. आणि बहुसंख्य कामगार बोलतात त्या भाषेचं पुरेसं ज्ञान. शेवटची अट गोव्यात क्षुल्लक समजू नये. कोकणी आणि मराठी येते म्हणून काम भागत नाही, मेन्टेनन्सच्या कंत्राटी टोळीत अर्धे लोक हिंदी किंवा कन्नड बोलतात.

या चौकटीत सगळ्यांचं लक्ष डिप्लोम्याकडे जातं. अडतं मात्र 'पर्यवेक्षकाच्या नात्यानं' या शब्दांवर. डिप्लोमा नंतरही करता येतो. अनुभवाचं गेलेलं वर्ष परत मिळवता येत नाही, आणि ते चुकीच्या शब्दांत नोंदलं गेलं असेल तर झालं काय नि न झालं काय, सारखंच.

उमेदवार स्वतः "साडेसात वर्षांचा अनुभव" सांगतो. जानेवारी २०२६ अखेरचा हिशेब असा निघाला. जुलै २०१८ ते जून २०१९ अप्रेंटिस, १२ महिने. जुलै २०१९ ते जून २०२१ कंत्राटदाराच्या पटावर टेक्निशियन, २४ महिने. जुलै २०२१ ते फेब्रुवारी २०२४ कंपनीच्या पटावर टेक्निशियन, ३२ महिने. मार्च २०२४ पासून शिफ्ट सुपरवायझर, २३ महिने. एकूण ९१. यातले निर्विवाद धरता येणारे फक्त शेवटचे २३. पाच वर्षं म्हणजे ६० महिने, ते भरायचे फेब्रुवारी २०२९ अखेर.

इथे बरेच जण हिरमुसतात आणि क्लासवाल्याच्या हातात पैसे देऊन मोकळे होतात. पण याच ३२ महिन्यांच्या मधल्या पट्ट्यात एक गोष्ट दडली होती. जुलै २०२२ मध्ये रात्रपाळीचा सुपरवायझर सोडून गेला. त्याच्या जागी नवा माणूस आला नाही. रात्रीची पाच जणांची टोळी याच टेक्निशियननं चालवली, पदनाम न बदलता, तब्बल २० महिने. असं लहान-मध्यम कारखान्यांत सर्रास होतं.

हे सिद्ध कशानं करायचं? परमिट बुकानं, म्हणजे धोक्याच्या कामाआधी दिल्या जाणाऱ्या लेखी परवानग्यांच्या वहीनं. उदाहरणादाखल एका रात्रीचं पान घ्या. रसायनाच्या पात्रात उतरून ढवळणीचं (अ‍ॅजिटेटरचं) पातं बदलण्याचं, म्हणजे बंदिस्त जागेतल्या कामाचं परमिट. वर ऑक्सिजनचं वाचन २०.८ टक्के, ज्वलनशील वायू शून्य. ढवळणीच्या मोटारीला लॉक लावल्याचा टॅग नंबर. आत २४ व्होल्टचा दिवा. बाहेर तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव. आणि खाली 'काम करवून घेणारा' या चौकटीत याची सही, काम संपल्यावर पात्र रिकामं आणि माणसं बाहेर असल्याची पुन्हा याचीच सही. जो माणूस दुसऱ्यांना पात्रात उतरवतो आणि मोजून बाहेर काढतो, तो पर्यवेक्षक आहे. पदनाम काहीही असो.

त्याला गोळा करायला सांगितलेले कागद एवढेच: २० महिन्यांतल्या दर महिन्याची किमान चार परमिटं, रात्रपाळीचे ड्यूटी तक्ते, टूलबॉक्स टॉकच्या, म्हणजे कामाआधी टोळीला दिलेल्या सुरक्षेच्या सूचनांच्या नोंदी आणि पाळी बदलतानाच्या लॉगबुकची पानं. हे कागद कंपनीचे आहेत. मोबाइलवर फोटो काढून घरी न्यायचे नाहीत. विभागप्रमुखाला लेखी विनंती करून एचआरच्या फाइलला लावून घ्यायचे. उशीर करण्यात धोका आहे, कारण परमिट बुकं कायम जपली जात नाहीत. ठरलेली मुदत संपली की गोणीत भरून रद्दीत जातात.

एचआरकडे काय मागायचं हे नीट ठरवावं लागतं. मागच्या तारखेनं पदनाम बदलून मागायचं नाही. ती खोटी नोंद होते आणि पगारपत्रक, पीएफ, हजेरीपट यांच्याशी ताडली की पाच मिनिटांत उघडी पडते. एरवी पात्र असलेल्या माणसाचा अर्ज अशा एका पत्रापायी कायमचा संशयात जातो. मागायचं ते कामाचं खरं वर्णन. पत्रातला नेमका परिच्छेद असा बसवला: 'जुलै २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात यांचं पदनाम टेक्निशियन असताना रात्रपाळीतील पाच मेन्टेनन्स कामगारांना कामाची वाटणी करणे, कामाचे परमिट स्वीकारणे व बंद करणे, कामापूर्वी सुरक्षेच्या सूचना देणे आणि पूर्ण झालेल्या कामाची तपासणी करणे ही जबाबदारी यांच्याकडे होती. संबंधित नोंदी कारखान्यात उपलब्ध आहेत.' सही कारखाना व्यवस्थापकाची, म्हणजे ज्याचं नाव कारखान्याच्या परवान्यावर आहे त्याची. एचआर एक्झिक्युटिव्हची सही इथे अपुरी पडते.

हे २० महिने धरले गेले तर ४३ झाले, उरले १७, आणि पाच वर्षं जून २०२७ अखेर भरतात. ते धरायचे की नाही हे कारखान्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं ठरवेल. म्हणून पुढचा सगळा आराखडा दोन्ही तारखांवर तपासला.

आता कोर्सकडे. आधी एडीआयएस. गोव्याच्या उमेदवाराला सगळ्यात ओळखीचा पर्याय मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचा. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या डीजीफासली या कार्यालयाच्या छत्राखालची ही संस्था एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालवते. कंपनीनं पाठवलेले आणि स्वखर्चानं आलेले असे दोन्ही प्रकारचे उमेदवार तिथे असतात. फी हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग बुडालेला पगार: २८,००० गुणिले १२, म्हणजे ३,३६,००० रुपये. त्यात मुंबईतलं राहणं-खाणं आणि वर्षभराचे हप्ते, १,१४,००० रुपये, इकडून भरत राहायचे.

आधी डिप्लोमा की आधी अनुभव, यावर घरात बराच खल झाला. कागदावर मांडल्यावर गंमतीची गोष्ट दिसली. ते २० महिने धरले गेले असं मानू. जुलै २०२६ मध्ये नोकरी सोडून गेला तर तोवर ४८ महिने होतात. वर्ष डिप्लोम्यात, परत आल्यावर उरलेले १२ महिने. पात्रता जून २०२८ अखेर. आधी अनुभव पुरा केला तर तो जून २०२७ ला भरतो, मग डिप्लोमा, पात्रता पुन्हा जून २०२८ च्या सुमारास. तारीख तीच. फरक जोखमीचा आहे. आधी गेला आणि परत आल्यावर पर्यवेक्षकाचं काम मिळालं नाही, एखाद्या कंपनीनं 'सेफ्टी असिस्टंट' म्हणून टेबलावर बसवलं, तर उरलेले १२ महिने लटकतात. आधी अनुभव पुरा केला तर तो खिशात पडतो. शिवाय मधल्या काळात कंपनीकडून पगारी प्रायोजकत्व मागायला वेळ मिळतो. आता कलम २२ मुळे कंपनीलाही माणूस हवा आहे, तेव्हा ही मागणी करायला संकोच नको. मात्र बाँड असेल तर त्यात वर्षं किती आणि परत आल्यावर पद कोणतं, हे दोन्ही लिहून घ्यावं. फक्त वर्षं लिहिलेला बाँड म्हणजे डिप्लोमा करून पुन्हा जुन्याच पाळीवर हजर होणं.

तिसरी वाट अर्धवेळ डिप्लोम्याची. नोकरी चालू, अनुभव चालू, डिप्लोमाही चालू. ती जमली तर पात्रता जून २०२७ लाच येते, म्हणजे पूर्ण एक वर्ष आणि ३,३६,००० रुपये वाचतात. पण हे सगळं एका अटीवर टेकलेलं आहे: तो डिप्लोमा गोवा सरकारनं मान्य केलेला असला पाहिजे. संस्थेच्या माहितीपत्रकावर 'शासनमान्य' छापलेलं असतं, ते कुठल्या शासनाचं आणि कशासाठी मान्य हे लिहिलेलं नसतं. सोसायटी म्हणून नोंदणी, कौशल्य प्रशिक्षणाचं केंद्र म्हणून मान्यता, आयएसओ प्रमाणपत्र, यातली एकही गोष्ट सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेची मान्यता नाही.

विचारायचं ठिकाण एकच, पणजीत आल्तिनोवरचं फॅक्टरी अँड बॉयलर इन्स्पेक्टोरेट. तिथे जाऊन तोंडी विचारलं तर मदतीचं उत्तर मिळतं, पण ते फाइलला लावता येत नाही. म्हणून साधं पत्र द्यावं. संस्थेचं पूर्ण नाव, अभ्यासक्रमाचं नाव जसं प्रमाणपत्रावर छापलं जातं तसंच, परीक्षा घेणारं मंडळ, कालावधी, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि प्रवेशाचं वर्ष. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, ज्याला ३० दिवसांची मुदत असते. इथे बहुतेक जण चुकतात. 'हा डिप्लोमा चालेल का?' असं विचारलं तर अर्ज परत येतो, कारण त्या कायद्याखाली असलेली माहिती मिळते, मत मिळत नाही. 'सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेसाठी राज्य सरकारनं मान्य केलेल्या पदव्या-डिप्लोम्यांच्या आदेशांची व यादीची प्रत द्यावी' असं मागायचं. यादीत नाव आहे की नाही हे मग आपणच पाहायचं.

मडगावच्या क्लासचा 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा' इथेच गळला. प्रमाणपत्र ज्या संस्थेच्या नावानं निघतं तिचीच परीक्षा आणि तिचीच मान्यता. शिवाय नावातलं 'फायर' फसवं आहे. अग्निशमन दलाची वाट निराळी, तिच्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे अभ्यासक्रम आहेत. फायर आणि सेफ्टी एकाच कागदावर छापले म्हणून दोन्हीकडची पात्रता येत नाही.

मित्राचा पदवीचा सल्ला वाईट नाही, उशिराचा आहे. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तरी तीन वर्षं पूर्णवेळ. अनुभवाची अट पाचावरून दोनावर येते खरी, पण वाचलेली तीन वर्षं कॉलेजात खर्च होतात आणि पगार जातो तो वेगळाच. १९ व्या वर्षी हा हिशेब बरोबर होता.

राहिलं नेबॉश. मामाचा सल्ला उडवून लावण्यासारखा नाही. आखातातल्या साइटवर नेबॉशचं आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण प्रमाणपत्र, ज्याला सगळे आयजीसी म्हणतात, ते ओळखलं जातं. पण गोव्यातल्या कायदेशीर पदासाठी ते राज्यमान्य डिप्लोम्याची जागा घेत नाही. आणि विकणारे त्याची पातळी फुगवून सांगतात. 'लेव्हल ६ आहे, पदवीच्या तोडीचं' हे वाक्य हमखास ऐकू येतं. ती ६ स्कॉटलंडच्या चौकटीतली आहे. इंग्लंडच्या चौकटीत ती पातळी ३ ला जुळते, म्हणजे साधारण बारावीच्या तोडीची. पदवीच्या तोडीचा आहे तो नेबॉशचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा, आणि तो फार पुढचा टप्पा. तसंच आयओएश या ब्रिटिश संस्थेचा 'मॅनेजिंग सेफली' हा तीन-चार दिवसांचा कोर्स विभागप्रमुखांसाठी आहे. त्यावर सेफ्टीची नोकरी मिळेल असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

तरी आयजीसी आत्ताच करायला सांगितलं. कारण नोकरी न सोडता होतं, आणि त्याच्या दुसऱ्या भागासाठी लागणारी गोष्ट याच्याकडे रोज आहे: खरी कामाची जागा. त्या भागात स्वतःच्या कारखान्याची जोखीम पाहणी लिहून द्यायची असते. किमान १० धोके, किमान ५ वेगवेगळ्या प्रकारांतले. नापास होणारे बहुधा इथेच अडतात. दहाच्या दहा धोके यंत्रं आणि आगीचे, पाच प्रकार भरतच नाहीत. किंवा धोक्याच्या रकान्यात परिणाम लिहिला जातो, 'पडणे', 'भाजणे'.

याच्या पहिल्या मसुद्यातली एक ओळ अशी होती: 'मशीनचा पट्टा, धोकादायक, कामगारांनी काळजी घ्यावी.' ती अशी सुधारली. धोका: ग्रीसिंगनंतर कन्व्हेयरच्या ड्राइव्ह पट्ट्यावरचा गार्ड परत बसवला जात नाही. कुणाला, कसं: रात्रपाळीचा फिटर आणि सफाई कामगार, पुसताना हाताची बोटं पट्टा आणि पुली यांच्यामध्ये ओढली जातात. आत्ता काय आहे: पिवळा रंग, सूचनाफलक. आणखी काय हवं: गार्ड काढला की मोटार बंद पडेल असा इंटरलॉक, आणि गार्ड न काढता बाहेरून ग्रीस भरता येईल अशी वाढीव नळी. मुदत: नळी १ आठवडा, इंटरलॉक १ महिना. जबाबदारी: मेन्टेनन्स मॅनेजर. वाढीव नळी ही सूचना ज्यानं स्वतः रात्री ग्रीस गन धरली आहे त्यालाच सुचते, आणि परीक्षकाला ती लगेच कळते. पुढे यातल्या तीन उपायांना प्राधान्य का, हे नैतिक, कायदेशीर आणि आर्थिक कारणांनी पटवून द्यायचं असतं. तिथे 'धोका मोठा आहे' एवढं लिहून भागत नाही.

इंग्रजीची अडचण खरी होती. नेबॉश या प्रमाणपत्रासाठी आयईएलटीएस ६ च्या आसपासची इंग्रजी सुचवतं. हा इंग्रजी वाचतो बरं, लिहिताना अडखळतो. रोज दीड तास सहा दिवस आणि सुट्टीला चार तास, आठवड्याचे १३, आठ आठवड्यांत १०४ तास असं बसवलं. त्यातले निम्मे तास लिहिण्याला, स्वतःच्याच पाळीतल्या घटना इंग्रजीत लिहून काढायला. क्लास निवडताना नेबॉशच्या संकेतस्थळावरच्या लर्निंग पार्टनरांच्या यादीत नाव असलेलाच घ्यायचा. 'आमच्यातर्फे भाग दोन लिहून मिळेल' म्हणणाऱ्याच्या दारातूनच परतायचं. दुसऱ्यानं लिहिलेली पाहणी उघडकीला आली तर निकाल रद्द होतो आणि नाव खराब होतं. पुढे कधी आखातात जाणं झालंच तर परदेश भरतीचा नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, हे मामालाही कळवून ठेवलं.

एक निर्णय सगळ्यांनाच खटकला. जानेवारीत कंपनीनं त्याला ईएचएस विभागात 'एक्झिक्युटिव्ह' म्हणून घ्यायची तयारी दाखवली, पगार २,००० नं जास्त. नाही म्हणायला सांगितलं. निदान त्या पदाच्या वर्णनात हाताखालची माणसं आणि परमिटची जबाबदारी लिहून मिळेपर्यंत. मटेरियल गेटवर हेल्मेट तपासणं आणि एक्सेल भरणं हे सेफ्टीचं काम आहे, पण पर्यवेक्षणाचा अनुभव म्हणून ते उद्या वादात पडेल. मेन्टेनन्सची पाळी आणखी १७ महिने केली तर तो वाद उरत नाही. २,००० रुपयांच्या हिशेबानं हे ३४,००० रुपयांचं नुकसान आहे, आणि हप्ता भरणाऱ्या घराला ते जाणवतं. तरी सल्ला बदलला नाही.

अनुभवाचं पत्र कारखाना व्यवस्थापकाच्या सहीनं मिळालं आहे. त्याची प्रत जोडून इन्स्पेक्टोरेटला दोन प्रश्नांचं पत्र गेलं: हे २० महिने पर्यवेक्षणाचा अनुभव म्हणून धरले जातील का, आणि नमूद केलेल्या अर्धवेळ डिप्लोम्याला मान्यता आहे का. दोन्ही उत्तरं होकारार्थी आली तर जून २०२७. पहिलं होय, दुसरं नाही, तर प्रायोजकत्व मागून जुलै २०२७ ला सायन आणि पात्रता २०२८ च्या मध्याला. पहिल्याचंच उत्तर 'नाही' आलं तर पूर्णवेळ वर्ष धरून पात्रता फेब्रुवारी २०३० पर्यंत लांबते. मग मात्र अर्धवेळ मान्य डिप्लोमा शोधणं, ईएचएसचं पद नव्या वर्णनासह स्वीकारणं आणि मामाचा प्रस्ताव, हे तिन्ही पुन्हा टेबलावर येतील. उत्तर येईपर्यंत कुठल्याही कोर्सची फी भरायची नाही, फक्त आयजीसीची, आणि परमिट बुकावर सही करताना चौकटीत पदनामही लिहायचं.